पुस्तक आणि टी.व्ही. : घरातले दोन शिक्षक

पुस्तक वाचावे की टी.व्ही. पाहावा, हा वाद आपल्या घराघरांत रोज संध्याकाळी होतो. वडीलमंडळी म्हणतात, टी.व्ही.ने मुले बिघडली. मुले म्हणतात, सगळे जग पडद्यावर दिसते, मग पुस्तक कशाला? दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे. म्हणून ही दोन्ही साधने काय देतात हे आधी पाहू, मग आपल्या घरात त्यांची जागा ठरवू.

प्रथम टी.व्ही.ची बाजू. भारतात १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९८२ साली रंगीत चित्र आले. आमच्या वस्तीत सुरुवातीला एकाच घरी संच होता. रविवारी त्या घराच्या दारात चपलांचा ढीग पडे. आमच्या आया-आज्यांपैकी अनेकींना अक्षरओळख नव्हती. त्या बातम्या पाहू लागल्या, निवडणुकीच्या निकालावर मत देऊ लागल्या. ज्याला वाचता येत नाही त्याच्यापर्यंत जग पोहोचवणे ही टी.व्ही.ची कामगिरी आहे. ती नाकारून चालणार नाही.

आता एक उदाहरण अभ्यासू. भीष्म साहनी यांच्या ‘तमस’ या हिंदी कादंबरीला १९७५ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गोविंद निहलानी यांनी तिच्यावर केलेली मालिका १९८८ साली दूरदर्शनवर आली. कथा फाळणीच्या सुमारास पंजाबात झालेल्या दंगलींची आहे. नथू हा कातडी कमावणारा गरीब माणूस. मुराद अली त्याला पाच रुपये देतो आणि गुरांच्या डॉक्टरला हवे आहे असे सांगून एक डुक्कर मारायला लावतो. पुढे मेलेले डुक्कर मशिदीच्या पायरीवर सापडते आणि शहर पेटते.

मालिकेत ओम पुरी यांच्या चेहऱ्यावरची भीती आम्ही पाहिली, ती अजून विसरलो नाही. देशभरच्या लोकांनी ती एकाच वेळी पाहिली. हे बळ पडद्याचेच. पण पडदा त्याच्या वेगाने पुढे जातो, पुस्तक आपल्या वेगाने चालते. कादंबरीच्या शेवटी शांततेच्या घोषणा देत एक बस गावातून फिरते आणि त्या बसमध्ये घोषणा देणारा तोच मुराद अली असतो. त्याला ओळखू शकणारा नथू तेव्हा जिवंत नाही. हे वाचल्यावर आम्ही पुस्तक उलटे चाळून पहिल्या प्रकरणावर गेलो. पैसे कोणी दिले, काम कोणाच्या हातून करून घेतले, शेवटी मान कोणाला मिळाला, हे सारे पुन्हा तपासले. गरिबाच्या हाताचा वापर कसा केला जातो हे तेव्हा नीट कळले. थांबणे, मागे जाणे आणि प्रश्न विचारणे ही सवय पुस्तकाने लागते.

या मालिकेवर बंदी यावी म्हणून काही जण न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी मालिका संपूर्ण पाहिली आणि दाखवण्यास हरकत घेतली नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही १६ फेब्रुवारी १९८८ रोजी बंदीची मागणी फेटाळली. आधी पूर्ण पाहावे, पूर्ण वाचावे, मग मत द्यावे, हा धडा आपणही घेतला पाहिजे.

आता आपल्या घराकडे येऊ. आमच्या इमारतीतील दहावीची एक मुलगी रोज रात्री जिन्यातल्या दिव्याखाली वाचत बसे. आम्ही विचारले, तेव्हा ती म्हणाली, “घरात आवाज असतो. पण काका, आजीला मालिकेशिवाय दुसरं काय आहे?” आम्हांला उत्तर देता आले नाही. आजीची चूक नव्हती, नातीचीही नव्हती. खोली एकच होती.

बाबासाहेबांचे विद्यार्थिजीवनही परळच्या चाळीतील एका खोलीत गेले. घर झोपलेले असताना, रात्री दोनच्या सुमारास वडील त्यांना अभ्यासासाठी उठवत. संध्याकाळी ते चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तेथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना हेरले, आणि १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. हुशारी त्यांची स्वतःची होती. पण शांत वेळ देणारे वडील आणि हाती पुस्तक देणारे गुरुजी लाभले, हेही विसरू नये.

आज प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. घरातला आवाज कमी झाला, पण चार माणसे चार पडद्यांत गेली. पूर्वी एक मालिका सगळे मिळून पाहत आणि तिच्यावर बोलत तरी. म्हणून आम्ही चार गोष्टी सुचवतो :

१. रोज एक तास घरातील सर्व पडदे बंद ठेवावेत. हा नियम मोठ्यांनी आधी पाळावा.
२. जे पाहावे ते एकत्र पाहावे आणि त्यावर दहा मिनिटे बोलावे.
३. ज्या पुस्तकावर मालिका वा चित्रपट आला असेल, ते पुस्तक मिळवून वाचावे.
४. घरात ज्यांना वाचता येत नाही त्यांना मुलांनी रोज दोन पाने वाचून दाखवावीत.

त्या मुलीसाठी आम्ही सभागृहाची किल्ली मागून घेतली. संध्याकाळी सात ते दहा दिवा लावून दोन बाकडी टाकली. पहिल्या दिवशी ती एकटी होती, महिन्याभरात नऊ मुले येऊ लागली. फार खर्च आला नाही. आपल्या वस्तीतही एखादी बंद खोली असेलच. तिची किल्ली कोणाकडे आहे, एवढे आज विचारावे.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न :
१. पडद्यावर पाहिलेली आणि पुस्तकात वाचलेली एकच गोष्ट घ्या. कोणती बाब फक्त पुस्तकात सापडली?
२. तुमच्या घरात शांत वेळ कोणता? तो कोणामुळे मिळतो?