बालविवाहाची आजची स्थिति

बालविवाह ही जुन्या काळची गोष्ट होय, असें पुष्कळ सुशिक्षित मंडळी म्हणतात. तें कितपत खरें आहे हें ह्या पाठांत पाहावयाचें आहे.

प्रथम कायद्याची हकीकत थोडक्यांत. रखमाबाईंचें लग्न अकराव्या वर्षीं झालें होतें. पुढें नवऱ्यानें १८८४ सालीं मुंबईच्या हायकोर्टांत दावा लाविला, आणि १८८७ सालीं नांदावयास जावें, नाहीं तर सहा महिने कैद भोगावी, असा निकाल झाला. बाईंनीं कैदेची तयारी दाखविली. शेवटीं १८८८ सालीं तडजोड झाली, आणि त्या विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या. ह्या व अशा प्रकरणांनीं उठलेल्या वादानंतर १८९१ सालीं संमतिवय दहावरून बारा वर्षें झालें. १९२९ च्या सारडा कायद्यानें मुलीचें लग्नाचें वय चौदा, १९४९ सालीं पंधरा, व १९७८ सालीं अठरा ठरलें, मुलाचें एकवीस. सध्यां २००६ चा कायदा चालू आहे.

आतां गांवांत काय आहे तें पाहूं. सरकारी कुटुंब आरोग्य पाहणींत वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांना लग्नाचें वय विचारितात. २००५-०६ सालीं शंभरांतील सुमारें ४७ जणींचें लग्न अठराच्या आंत झालेलें आढळलें. २०१५-१६ सालीं २७, आणि २०१९-२१ सालीं २३. महाराष्ट्रांत ह्या शेवटच्या पाहणींत सुमारें २२. सुधारणा झाली खरी. परंतु पुढें तिचा वेग मंदावला. ज्या राज्यास फुले, आगरकर व कर्वे ह्यांचा अभिमान वाटतो, तेथें पांचांत एकीहून अधिक, हा आंकडा लहान नव्हे.

असें कां व्हावें? अज्ञान हें उत्तर सोपें आहे, पण मला तें पटत नाहीं. मुलीचें वय अठरा लागतें हें आज कोणत्या बापास ठाऊक नाहीं? बीड जिल्ह्यांतील ऊसतोड मजुरांकडे पाहा. दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत कारखान्यांवर जातात. त्यापूर्वीं मुकादमाकडून उचल घेतलेली असते, व ती ऊस तोडून फेडावयाची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरितात; एकट्या माणसाचा अर्धा कोयता. म्हणजे मुलाचें लग्न झालें कीं घरांत एक पुरा कोयता वाढला, व उचलही वाढली. मुलीच्या घरची अडचण निराळीच. आईबाप फडावर, म्हातारी एकटी गांवीं, आणि घरांत वयांत आलेली मुलगी. तिला बरोबर न्यावी तर कोपीला धड दार नाहीं. मागें ठेवावी तर रात्रीं झोंप नाहीं. तेव्हां हात पिवळे करून मोकळें व्हावें, असें बापास वाटतें. ही भीति खोटी नाहीं. तिला नुसती शिक्षा सांगून ती जाणार नाहीं. (हुंड्याचेंही येथें अंग आहे : मुलगी लहान तोंवर मागणी कमी.)

पुढचें सर्व मुलीच्या अंगावर येतें : शाळा सुटते, कोवळ्या वयांत बाळंतपण, आणि पुढल्याच हंगामांत हातीं कोयता.

कायद्याचें एक कलम पाळकांनीं व गांवच्या वडील मंडळींनीं नीट ध्यानांत घ्यावें. असें लग्न लावणारास, मग तो भटजी असो, काजी असो वा पाळक असो, दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाखापर्यंत दंड होऊं शकतो. म्हणून शाळेचा वा जन्मनोंदीचा दाखला पाहिल्यावांचून तारीख देऊं नये. मामाचें तोंडी आश्वासन हा दाखला नव्हे. लग्न ठरल्याचें कळल्यास ग्रामसेवकास, अथवा १०९८ ह्या क्रमांकावर कळवावें. तसेंच, लहानपणीं लग्न झालेल्या मुलीस वीस वर्षें पुरीं होईपर्यंत कोर्टाकडून तें लग्न रद्द करवून घेतां येतें, हें फार थोड्या मुलींस कोणी सांगतें.

आपल्या मंडळीनें दसऱ्यापूर्वींच एक यादी करावी : ह्या वर्षीं कोणतीं घरें उचल घेऊन जाणार, त्यांत आठवी ओलांडलेल्या मुली कोण, त्यांना हंगामी वसतिगृह मिळेल काय, आणि न मिळाल्यास त्या पांच-सहा महिने कोणाच्या ओसरीवर झोंपतील.