शाळेचा निकाल कसा वाचावा ?

निकालाचे दिवस आले म्हणजे आमच्या उपनगरांतून एक जुनाच प्रश्न नव्यानें विचारला जातो. अमुक शाळेचा निकाल शेंकडा किती, आणि तमुक शाळेचा किती ? उत्तर मिळतांच निवाडाही होऊन जातो. एक शाळा चांगली ठरते. दुसरी, बहुधा महानगरपालिकेची, वाईट ठरते. आमच्या मतें हा निवाडा पुष्कळ वेळां गणिताच्याच दृष्टीनें चुकलेला असतो. तो कसा, तें विद्यार्थिवाचकांस दाखविण्याचा आमचा विचार आहे.

एक उदाहरण घेऊं. तें काल्पनिक आहे. परंतु त्यांतील हिशेब प्रत्येकानें वहींत करून पाहावा. समजा, एकाच रस्त्यावरील दोन शाळांतून सातवीचीं शंभर शंभर मुलें एकाच चांचणीस बसलीं. पहिल्या शाळेंतील ८० मुलांचे आईबाप शिकलेले आहेत. उरलेल्या २० मुलांच्या घरांत पूर्वीं कोणी शाळेची पायरी चढलेलें नाहीं. पहिल्या गटांतील ७२ व दुसऱ्या गटांतील १० मुलें उत्तीर्ण झालीं. निकाल शेंकडा ८२. दुसऱ्या शाळेंत प्रमाण उलट आहे. शिकलेल्या घरांतील मुलें २०, न शिकलेल्या घरांतील ८०. येथें २० पैकीं १९ व ८० पैकीं ४८ उत्तीर्ण झालीं. निकाल शेंकडा ६७.

फळ्यावर ८२ आणि ६७ हे आकडे लिहिले कीं पहिली शाळा जिंकली. आतां गट वेगळे करून पाहा. शिकलेल्या घरांतील मुलांत पहिल्या शाळेचें यश शेंकडा ९०, दुसरीचें ९५. न शिकलेल्या घरांतील मुलांत पहिलीचें ५०, दुसरीचें ६०. म्हणजे दोन्ही प्रकारच्या मुलांत अधिक यश मिळविणारी शाळा एकूण निकालांत पंधरांनीं मागें पडली ! यांत कोठेंही लबाडी नाहीं. मुलें कोणत्या घरांतून आलीं, एवढाच काय तो फरक. एडवर्ड सिम्प्सन या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञानें १९५१ सालीं या चमत्कारिक प्रकाराचें विवेचन केलें, म्हणून त्यास त्याचें नांव पडलें आहे.

लबाडी नाहीं असें आम्हीं म्हटलें. पण तिला वाव मात्र आहे. पहिल्या शाळेंतील जीं दहा गरीब मुलें नापास झालीं, तीं चांचणीपूर्वींच शाळा सोडून गेलीं असतीं, तर ९० पैकीं ८२ उत्तीर्ण होऊन निकाल शेंकडा ९१ वर गेला असता. एक अक्षरही अधिक न शिकवितां नऊ गुणांची बढती !

आतां आमच्या उपनगरांकडे वळूं. अंधेरी व घाटकोपर १९५० सालीं आणि बोरिवली व मुलुंड १९५७ सालीं बृहन्मुंबईंत समाविष्ट झालीं. २०११ च्या खानेसुमारींत मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३,५६,९६२ भरली, आणि सात वर्षांवरील दर शंभर माणसांत सुमारें नव्वद साक्षर निघालीं. आकडा अभिमानाचा खरा. पण तीही एक सरासरीच. उरलेलीं दहा माणसें सर्व वस्त्यांतून सारखीं वांटलेलीं नाहींत. महानगरपालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, कानडी, तामीळ, तेलुगु व इंग्रजी अशा आठ माध्यमांतून शिकवितात. त्यांच्या बाकांवर कोण कोण बसत असेल याची कल्पना यावरूनच यावी. घाटकोपरास असल्फ्याच्या डोंगरावरील चाळींतली थोरली मुलगी पाणी भरून व धाकट्या भावंडांस सांभाळून मग शाळेची वाट धरते. इमारतीच्या कामावरील मजुराचें मूल काम संपलें कीं वर्षाच्या मध्येंच दुसरीकडे जातें. गांवीं गेलेलें कुटुंब जूनमध्यें शाळा उघडल्यावर कित्येक दिवसांनीं परततें. अशा मुलांच्या बुद्धींत उणें कांहीं नसतें, हजेरींत असतें.

शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानें प्रवेशाच्या वेळीं मुलांची व पालकांची चांचणी घेण्यास मनाई केली. पण फी ही देखील एक चाळणीच होय. शिवाय अल्पसंख्याकांच्या शाळांस सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं या कायद्यांतून वगळलें. तेव्हां आमच्यासारख्यांनीं शेजारच्या शाळेच्या निकालास हंसण्यापूर्वीं दोनदां विचार करावा हें बरें.

येथें कोणी विचारील, “मग गरीब मुलांकडून कांहीं अपेक्षाच करूं नये काय ?” हा आक्षेप वजनदार आहे. परिस्थितीचें कारण सांगतां सांगतां तें निमित्त होऊन बसतें, हें आम्ही जाणतों. याचें उत्तर मुंबईंतच मिळालेलें आहे. २००१ ते २००३ या काळांत मुंबई व बडोदें येथील पालिकेच्या शाळांतून ‘प्रथम’ या संस्थेच्या बालसखी योजनेची शास्त्रीय परीक्षा झाली. बालसखी म्हणजे वस्तींतलीच एखादी शिकलेली तरुणी. तिसरी-चौथींतील मागें पडलेल्या पंधरा-वीस मुलांस ती रोज सुमारें दोन तास वर्गाबाहेर नेई व वाचन आणि हिशेब पायापासून शिकवी. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००७ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध केले. बालसखी लाभलेल्या शाळांचे गुण स्पष्ट वाढले, आणि वाढ मुख्यतः सर्वांत मागें असलेल्या मुलांची होती. मुलें तींच, घरेंही तींच. बदललें होतें तें शिकविणें. मात्र योजना थांबल्यावर एका वर्षांत त्या लाभाचा बराचसा भाग ओसरला. तिसरींत ज्याला वाचतां येत नाहीं तो सातवींत आपोआप वाचूं लागत नाहीं, आणि एकदां हात दिला म्हणजे पुढें तो सोडून चालत नाहीं.

म्हणून निकाल हातीं आला कीं आम्ही आधीं तीन गोष्टी विचारूं : हीं मुलें गेल्या वर्षीं कोठें होतीं, त्यांच्यापैकीं किती घरांत पुस्तक आहे, आणि पांचवीच्या पटावर असलेलीं किती मुलें परीक्षेपर्यंत टिकलीं? आमच्या स्वतःच्या शाळेचा वार्षिक अहवालही याच कसोटीनें वाचावा. सातवीच्या विद्यार्थ्यांनीं त्यांतील शेंकडेवारीच्या शेजारीं दोन वर्षांपूर्वींची पांचवीची पटसंख्या लिहून भागाकार करावा, आणि उत्तर गणिताच्या शिक्षकांस दाखवावें.