ड्रायव्हरच्या कामाचे तास : व्यापाऱ्यांनी समजून घ्यावा असा कायदा

रहिमतपूरसारख्या गावात कापडाचा धंदा करणाऱ्याचा माल बाहेरूनच येतो. इचलकरंजीचे कापड, सोलापूरची चादर, सुरतेच्या साड्या, सारे टेम्पोने येते. फळवाले, भांडीवाले, लोखंडवाले बांधवही याच रस्त्याने माल आणतात. आपण भाडे ठरवतो, बिल्टी तपासतो, गाठी मोजतो. पण गाडी चालवणारा माणूस किती तासांपासून जागा आहे, हे आपल्यापैकी फारच थोडे लोक विचारतात. आम्हीही विचारत नव्हतो.

काही वर्षांपूर्वी रमजान ईदच्या आठवडाभर आधीची गोष्ट. आमचा ड्रायव्हर सुरतेत सकाळी आठपासून बाजारात फिरून गाठी गोळा करीत होता. भराई संपेपर्यंत संध्याकाळचे सहा वाजले. आम्ही फोनवर बजावले, "उद्या दुकान उघडायच्या आत माल पाहिजे." पहाटे पाचच्या सुमारास खंबाटकी घाट उतरल्यावर त्याचा डोळा लागला आणि टेम्पो रस्त्याच्या कडेला कलंडला. त्याचा पाय मोडला, तीन महिने तो घरी बसला. दवाखान्यात तो आम्हालाच म्हणाला, "शेठ, माफ करा." आम्ही तेव्हा तास मोजले. सकाळी आठ ते पहाटे पाच म्हणजे एकवीस तास तो आमच्या कामावर होता. चूक आमची होती. त्यानंतर आम्ही हा कायदा समजून घेतला. त्याचा सार येथे देत आहोत.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ९१ मध्ये म्हटले आहे की, मालाची किंवा प्रवाशांची वाहतूक करणारे वाहन चालवण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीच्या कामाचे तास मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ प्रमाणे असतील. हा १९६१ चा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक संस्थांसाठी होता. आता तो व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता, २०२० मध्ये सामावला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. संहितेत संख्येची अट दहा कामगारांची आहे. "आमची तर एकच गाडी आहे, आम्हाला काय लागू?" असे म्हणून मात्र सुटता येत नाही. कलम ९१ मध्ये कामगारांची संख्या लिहिलेलीच नाही.

१९६१ च्या कायद्याने घालून दिलेली मापे अशी होती. दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम. लांब पल्ल्याच्या मार्गावर किंवा सणासुदीला, अधिकाऱ्याची मंजुरी घेऊन, दिवसाला दहा व आठवड्याला चोपन्न तासांपर्यंत. सलग पाच तासांहून जास्त काम नाही, त्याआधी निदान अर्धा तास विश्रांती. कामाची सुरुवात ते शेवट, विश्रांती धरून, बारा तासांच्या आत. एक दिवसाचे काम संपल्यावर दुसरे सुरू होण्याआधी सलग नऊ तास मोकळे. आठवड्यातून एक दिवस सुटी. नव्या संहितेतही दिवसाचे आठ तास कायम आहेत. जादा कामाला कामगाराची संमती लागते आणि त्याची मजुरी दुप्पट द्यावी लागते. विश्रांतीच्या मधल्या वेळा व कामाचा एकूण पसारा सरकार अधिसूचनेने ठरवते. आम्ही स्वतः गाडीचा हिशेब करताना जुनी मापेच धरतो, कारण ती माणसाच्या शरीराला धरून आहेत.

यात व्यापाऱ्याने नीट वाचावी अशी बाब म्हणजे "कामाचे तास" या शब्दांचा अर्थ. चाक फिरते तेवढाच वेळ काम, असे आपण समजतो. १९६१ च्या कायद्याने मात्र ड्रायव्हर मालकाच्या, किंवा त्याच्या सेवेवर हक्क असलेल्या दुसऱ्या कोणाच्या, दिमतीला असतो तो वेळ कामात धरला. गाडीची देखभाल, कागदांवर सह्या, मालाची भराई आणि उतराई हेही कामच. म्हणजे आमचा ड्रायव्हर सुरतेहून निघाला तेव्हाच त्याचे दहा तास भरले होते. त्याला त्या रात्री गाडी चालवू द्यायलाच नको होती.

दुसऱ्या देशांतही हीच काळजी घेतात. युरोपीय संघात मालवाहू ट्रकच्या ड्रायव्हरला दिवसाला नऊ तास, आठवड्यातून दोनदा दहा तास गाडी चालवता येते आणि साडेचार तासांनंतर पाऊण तास थांबावे लागते. गाडीतले यंत्र हे सारे नोंदवून ठेवते. आपल्याकडे असे यंत्र गाड्यांतून दिसत नाही, त्यामुळे नियम कागदावर राहतो. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रस्ते सुरक्षेच्या प्रकरणात या तासांच्या अंमलबजावणीकडे केंद्र व राज्यांचे लक्ष वेधले. पण सरकारी तपासणीची वाट पाहण्याचे आपल्याला कारण नाही.

"नियम पाळला तर धंदा कसा होईल?" असे बांधव विचारतील. हिशेब करून पाहू. सुरत ते रहिमतपूर अंदाजे साडेपाचशे किलोमीटर. ताशी पंचेचाळीसच्या सरासरीने बारा तासांहून थोडे जास्त. एका ड्रायव्हरच्या एका दिवसात ते बसतच नाही. पण सकाळी आठला भराई सुरू करून दहाला गाडी निघाली, तर सहा तास चालून ती संध्याकाळी भिवंडी-ठाण्याच्या आसपास येते. तेथे रात्रीचा मुक्काम. पहाटे पाचला निघाली तर दुपारपर्यंत माल दुकानात. फरक फक्त अर्ध्या दिवसाचा आहे.

म्हणून आम्ही आमच्या दुकानात हे नियम ठेवले आहेत :

१. गाठी आदल्या दिवशी आडत्याकडे तयार ठेवायला सांगाव्या, म्हणजे ड्रायव्हरचे तास बाजारात जात नाहीत.
२. एकाच दमात माल हवाच असेल तर परवानाधारक दोन ड्रायव्हर द्यावे. क्लीनरच्या हाती गाडी देऊ नये.
३. सुरुवात, विश्रांती व मुक्काम यांच्या वेळा गाडीच्या वहीत लिहून घ्याव्या.
४. भाडे ठरवताना मुक्कामाचा खर्च धरावा. उशिराबद्दल ड्रायव्हरचे पैसे कापू नयेत.
५. मध्यरात्रीनंतर ते पहाटेपर्यंतच्या वेळेत झोप सर्वांत अनावर होते. त्या वेळी गाडी उभी असावी.
६. रमजानात तरावीह व सहरीमुळे झोप आधीच तुटते. ईदचा माल शाबान महिन्यातच मागवावा.

जे बांधव स्वतःच गाडी चालवून बाजार करतात, त्यांनीही हीच मापे स्वतःला लावावीत. भाड्याची गाडी घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी ड्रायव्हरला एवढेच विचारावे, "भाई, काल रात्री किती तास झोपलात?" उत्तर समाधानकारक नसेल तर गाडी सकाळी सोडावी. आमचा तो ड्रायव्हर आजही आमच्याकडे आहे. तो थोडा लंगडतो. सुरतेचा माल आता आमच्याकडे दुपारी येतो आणि गिऱ्हाईक त्यामुळे तुटलेले नाही.