बघणं आणि करणं

बाळा, मोबाईलवर कुस्त्या बघतोस, खुशाल बघ. आमच्या काळी कुंडलचं मैदान नाहीतर पुसेगावची जत्रा, त्यासाठी वर्षभर वाट बघावी लागायची. पण बघून डाव नुसता कळतो, अंगात येत नाही. म्हणून सांगतो ते ध्यानात ठेव.

आधी कर, अडलास की बघ. हात न लावता ढाक डाव बघितलास, तर आपटलेला गडी तेवढा दिसतो. तोच डाव जोडीदारावर लावून फसलास, की नजर बरोबर जागी जाते: मान कधी कवेत घेतली, कंबर किती आत घातली, वळताना पाय कुठं टाकला. फसलेल्यालाच बघायचं काय ते समजतं.

जिंकणाऱ्याइतकाच हरणारा बघ. त्याचा भार कुठल्या पायावर होता, हात कधी ढिला पडला? नव्या पोराला आधी त्याच जागी उभं राहायचं असतं.

एकच डाव धर. आज ढाक, उद्या कलाजंग, परवा एकलंगी, असं केलंस तर एकही हाताला लागायचा नाही. एक डाव दोन्ही अंगांनी घोट, त्याची तोडही शीक. जोडीदार बदलत जा. हलक्या गड्यावर बसलेला डाव जड गड्यावर अडतो, उंच गड्याची मान हाताला येत नाही. हे पडद्यावर कळत नाही.

जागा बदलली की पुन्हा शिकायची तयारी ठेव. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव लाल मातीत घडले. १९४८ ला लंडनच्या ऑलिंपिकला गेले, तिथं मॅट आणि नियम दोन्ही परके; तरी सहावे आले. जगातले मल्ल डोळ्यांनी बघून झाले होते, पण मेहनत बाकी होती. ती केली आणि १९५२ ला हेलसिंकीत ५७ किलो गटात कांस्य आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. सांगलीकडच्या कवठेपिरानचे मारुती मानेही असेच परदेशात आणि देशात दोन्हीकडं चमकले: १९६२ ला जकार्तात आशियाई सुवर्ण जिंकले आणि १९६४ ला हिंदकेसरीही झाले.

मानेवर किंवा गुडघ्यावर जोर येणारा डाव वस्ताद समोर नसताना करू नको. पडद्यावरचा पैलवान तुला थांबवायला येणार नाही.

शेवटचं सांगतो. तू दुसऱ्याला बघतोस त्यापेक्षा कुणीतरी तुला बघणं जास्त कामाचं. लढताना आपली कंबर उंच राहिली की पाय जुळले, हे आपल्याला उमगत नाही; वस्ताद हौद्याच्या कडेवरून ओळखतो. मोबाईल तालमीत आणायचाच असेल, तर जोडीदाराच्या हातात दे आणि तुझीच लढत काढून घे. मग वस्तादांशेजारी बसून ती बघ, आणि ते बोट ठेवतील तिथून दुसऱ्या दिवशी सुरुवात कर.