हुम्मुस : रोजच्या आहाराच्या कसोटीवर

अरबी भाषेत ‘हुम्मुस’ म्हणजे नुसते हरभरे. लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाईन या भागांत मात्र शिजवलेले काबुली हरभरे, ताहिनी म्हणजे तिळाचे वाटण, लिंबू, लसूण व मीठ घोटून केलेल्या पदार्थालाही हेच नाव आहे. तो रोज खावा काय, एवढाच माझा प्रश्न.

माझ्या मते त्याचे खरे मोल हरभरा आणि तीळ यांच्या जोडीत आहे. हरभऱ्याच्या प्रथिनांत लायसिन हे अॅमिनो आम्ल भरपूर, मेथिओनिन कमी. तिळात नेमके उलट. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. (आपल्या वरणभातातही हेच घडते, तिथे तिळाची जागा तांदूळ घेतो.) शिवाय हरभऱ्याने रक्तातील साखर सावकाश चढते, मधुमेही माणसाला ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु ताहिनीत निम्म्याहून अधिक स्निग्धांश असतो, आणि तयार डब्यांतील 100 ग्रॅम हुम्मुसात मीठ सुमारे 1 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला 5 ग्रॅमच्या आत राहा म्हटले आहे! घरी बेताच्या मिठात घोटलेले दोन-तीन चमचे काकडी-गाजराबरोबर रोज खायला हरकत नाही. पण मैद्याच्या रोट्यांबरोबर वाटीभर फस्त करून त्याला पथ्याचे जेवण म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही.