निकाल देण्याआधी



बासू चॅटर्जी यांचा ‘एक रुका हुआ फैसला’ (१९८६) हा हिंदी चित्रपट आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. मूळ कथा अमेरिकन लेखक रेजिनाल्ड रोझ यांची. झोपडपट्टीतल्या एका तरुणावर बापाच्या खुनाचा आरोप आहे. तो दोषी की निर्दोष, हे बारा सामान्य नागरिकांच्या ज्यूरीने ठरवायचे आहे. अकरा जण लगेच ‘दोषी’ म्हणतात. एकच जण म्हणतो, आधी बोलू या. मग प्रश्न निघतात. पाय ओढत चालणारा म्हातारा साक्षीदार इतक्या लवकर दारापर्यंत कसा पोहोचला? चष्मा लावणाऱ्या बाईने रात्री चष्म्याशिवाय काय पाहिले? हळूहळू कळते, की काहींनी पुरावा नव्हे, मुलाची वस्ती पाहूनच निकाल दिला होता. एकाने तर स्वतःच्या मुलावरचा राग त्याच्यावर काढला होता.

आपल्या नगर जिल्ह्यात काय होते? १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी कित्येक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. १९५२ साली हा शिक्का कायद्याने पुसला. मनातून पुसला का? गावात चोरी झाली, की पहिली नजर पारध्यांच्या पालाकडेच वळते.

पूर्वग्रह द्वेषाचाच असतो असे नाही, कौतुकाचाही असतो. १९५९ साली मुंबईत नौदल अधिकारी नानावटी यांच्यावर खुनाचा खटला चालला. लोकांची सहानुभूती त्यांच्याकडे होती. ज्यूरीतील नऊपैकी आठ जणांनी त्यांना निर्दोष ठरवले. न्यायाधीशांना ते पटले नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तेथे जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

दानीएलच्या ग्रंथातील सुसान्नाची गोष्ट (अध्याय १३) आठवा. आरोप करणारे दोघे प्रतिष्ठित वडीलधारे, म्हणून सर्व सभेने विश्वास ठेवला. तरुण दानीएलने दोघांना वेगळे करून एकच विचारले: कोणत्या झाडाखाली? दोघांनी वेगवेगळी झाडे सांगितली आणि निरपराध स्त्री वाचली.

आज आपल्या न्यायालयांत ज्यूरी नाही. पण पारावर, बैठकीत आणि घरात आपण रोज ज्यूरी होऊन बसतो. तेथे प्रश्न विचारणारा एक तरी असावा.

चिंतनासाठी प्रश्न:
१. कोणाचे नाव ऐकताच मी न ऐकता निकाल देतो?
२. कोणाचा शब्द मी न तपासता खरा मानतो?
३. सगळे एका बाजूला असताना ‘आधी त्याचे ऐकू या’ असे मी म्हणेन का?