घटक ७ : दुखापतीची भाषा आणि भरपाईचा हक्क

७.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला :
• दुखापत सांगणाऱ्या मराठी वाक्यांचे वैशिष्ट्य स्पष्ट करता येईल.
• ‘नोकरीतून आणि नोकरीच्या ओघात’ या शब्दयोजनेचा अर्थ सांगता येईल.
• ‘भरपाई’, ‘मदत’ आणि ‘अनुदान’ यांतील भेद ओळखता येईल.
• कामावरील अपघाताची सूचना नेमक्या भाषेत लिहिता येईल.

७.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण कार्यालयीन पत्रव्यवहाराची भाषा पाहिली. या घटकात आपण अशा एका लेखनप्रकाराचा विचार करणार आहोत, ज्यातील एखादा शब्द गाळल्यास कुटुंबाचा हक्क धोक्यात येऊ शकतो. एप्रिल-मे महिन्यांत बांधकामावर, वीटभट्टीवर, रस्त्याच्या कामावर किंवा पत्र्याच्या छपराखालील कारखान्यात काम करणाऱ्यांना उन्हाचा त्रास होतो. घामाने हातातील अवजार निसटते, भोवळ येऊन माणूस परातीवरून पडतो, कधी उष्माघाताने प्राणही जातात. आपल्यापैकी अनेकजण स्वतः नोकरी किंवा मजुरी करून शिकत आहात. त्यामुळे हा विषय आपल्याला परका नाही.

अशा प्रसंगी भरपाई देण्याची तरतूद भारतात १९२३च्या कायद्याने झाली. २००९च्या दुरुस्तीने त्या कायद्याच्या नावातील ‘कामगार’ या अर्थाचा शब्द जाऊन ‘कर्मचारी’ हा शब्द आला. २१ नोव्हेंबर २०२५पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि हा कायदा तिच्यात सामावला गेला. कळीची शब्दयोजना मात्र कायम आहे.

७.३ विषय-विवेचन

७.३.१ दुखापतीच्या वाक्यात कर्ता कोठे असतो?

पुढील वाक्ये पाहा : ‘मला चक्कर आली.’ ‘हात कापला.’ ‘पाय घसरला.’ ‘त्याला ऊन लागले.’ या वाक्यांत कोणी काही केले असे म्हटलेले नाही. चक्कर येते, पाय घसरतो, ऊन लागते. माणूस चतुर्थीत येतो किंवा वाक्यातून नाहीसाच होतो. कर्त्याची जागा शरीराचा अवयव वा ऊन घेते. दैनंदिन व्यवहारात ही रचना सहज आणि पुरेशी असते, कारण ऐकणाऱ्याला प्रसंग ठाऊक असतो.

अर्ज वाचणाऱ्या अधिकाऱ्याला तो ठाऊक नसतो. ‘मला चक्कर आली व मी पडलो’ हे वाक्य घरी, बाजारात किंवा देवळाच्या पायरीवर पडलेल्या माणसालाही लागू पडते. त्यात शरीर आहे, काम नाही. कायदा मात्र काम आणि इजा यांचा संबंध विचारतो. तो संबंध सांगण्याचे काम मराठीत क्रियाविशेषण वाक्यांशांना करावे लागते : ‘पत्रे बसवत असताना’, ‘सकाळपासून उन्हात राहिल्यामुळे’, ‘मुकादमांच्या सांगण्यावरून’.

७.३.२ ‘नोकरीतून आणि नोकरीच्या ओघात’

अपघात ‘नोकरीतून आणि नोकरीच्या ओघात’ उद्भवलेला असावा, अशी अट आहे. ‘ओघात’ हा शब्द काळ, स्थळ आणि परिस्थिती सुचवतो : माणूस कामावर होता काय? ‘-तून’ हा प्रत्यय उगम दाखवतो : इजा कामामुळे झाली काय? या दोन वाक्यांशांमधील ‘आणि’ महत्त्वाचा आहे. तेथे ‘किंवा’ नाही. दोन्ही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी असावे लागते.

ही शब्दयोजना ब्रिटिश कायद्यातून आली आणि तिचा अर्थ न्यायालयांनी उलगडत नेला. दोन उदाहरणे लक्षात ठेवावीत.

पहिले उन्हाळ्याशी नव्हे, पण उष्णतेशी निगडित आहे. जहाजाच्या भट्टीतील राख ओढणारा एक अशक्त प्रकृतीचा कामगार उष्माघाताने मरण पावला. पडणे नाही, आदळणे नाही. मग याला ‘अपघात’ म्हणावे काय? १९०८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने होय असे उत्तर दिले. अनपेक्षितपणे ओढवलेली इजा हीदेखील अपघातच होय, आणि प्रकृती मुळात अशक्त असल्याने हक्क नाहीसा होत नाही.

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातील आहे. साखर कारखान्यातील एक रखवालदार एप्रिल २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीसाठी निघाला असता, कारखान्यापासून काही किलोमीटर अलीकडे रस्ता-अपघातात मृत्यू पावला. तो ‘नोकरीच्या ओघात’ होता काय? भरपाई मंजूर झाली, उच्च न्यायालयात ती रद्द झाली आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा कायम केली. घर ते कामाचे ठिकाण या प्रवासातील अपघातही, वेळ, स्थळ व परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध सिद्ध झाल्यास, या शब्दांच्या कक्षेत येतो, असे न्यायालयाने म्हटले. एका शब्दाच्या अर्थासाठी त्या कुटुंबाला बावीस वर्षे वाट पाहावी लागली.

७.३.३ काही अर्थभेद

भरपाई आणि मदत : ‘मदत’ देणाऱ्याच्या इच्छेवर असते, ‘सानुग्रह अनुदान’ या शब्दातच अनुग्रह आहे. ‘भरपाई’ हे देणे आहे. म्हणून ‘कृपया मदत व्हावी’ असे न लिहिता ‘भरपाई मिळावी’ असे लिहावे.

निष्काळजीपणा आणि हेतुपुरस्सर अवज्ञा : मालकाच्या उत्तरात बहुधा ‘स्वतःच्या निष्काळजीपणामुळे’ हे शब्द असतात. केवळ निष्काळजीपणाने हक्क जात नाही. नशा, किंवा सुरक्षेसाठी स्पष्टपणे दिलेल्या आदेशाचा जाणूनबुजून केलेला भंग, यांमुळे इजा झाली तर मालक जबाबदारी नाकारू शकतो. उकाड्याने हेल्मेट काढून ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. मात्र मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास हा बचावही चालत नाही.

ठेकेदार आणि मूळ मालक : ‘तो आमचा माणूस नाही, ठेकेदाराचा आहे’ हे उत्तर पुरेसे नसते. मालकाच्या धंद्याचाच भाग असलेले काम ठेकेदारामार्फत करून घेतले असेल, तर मूळ मालकाकडेही भरपाई मागता येते.

‘भरून पावलो’ : किरकोळ रक्कम देऊन असा कागद लिहून घेण्याची रीत आहे. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याच्या दृष्टीने निरर्थक ठरतो.

७.३.४ रक्कम आणि मुदत

तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के रक्कम देय असते. १२,००० रुपये वेतन असल्यास ३,००० रुपये. इजेमुळे तीन दिवसांपेक्षा अधिक काळ काम करता न येणे आवश्यक आहे. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. सूचना शक्य तितक्या लवकर द्यावी आणि दावा दोन वर्षांच्या आत करावा. राज्य कामगार विमा योजनेत असलेल्यांना हे लाभ मालकाऐवजी त्या योजनेतून मिळतात.

७.३.५ सूचनेचा नमुना

‘दिनांक १२ मे रोजी दुपारी सुमारे अडीच वाजता, गोदामाच्या छपरावर मुकादमांनी नेमून दिलेले पत्रे बसवण्याचे काम करीत असताना, सकाळी नऊपासून सलग उन्हात राहिल्यामुळे मला भोवळ आली व मी सुमारे दहा फुटांवरून खाली पडलो. माझ्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. त्या वेळी दोन सहकारी हजर होते. त्यांची नावे खाली दिली आहेत. त्याच दिवशी मला रुग्णालयात नेण्यात आले. केसपेपरची प्रत सोबत जोडली आहे. नियमानुसार भरपाई मिळावी.’

येथे भोवळीचे वाक्य तसेच आहे. त्याच्या अलीकडे वेळ, स्थळ, काम आणि कारण आले आहे. रुग्णालयातील केसपेपरही हीच हकीकत सांगणारा हवा. ‘घरी पडलो असे सांग’ हा सल्ला ऐकून तसे नोंदवले गेले, तर पुढे सूचना कितीही चांगली लिहिली तरी ती त्या कागदाशी विसंगत ठरते. नेमकी भाषा घडलेले उघड करते. न घडलेले रचण्यासाठी तिचा उपयोग करू नये.

७.४ सारांश

बोलीतील दुखापतीचे वाक्य शरीराविषयी बोलते. कायदा कामाविषयी विचारतो. या दोहोंमधील अंतर भरून काढणे हे अशा लेखनाचे प्रयोजन आहे. आपल्या वस्तीत किंवा कामाच्या ठिकाणी शिकलेला माणूस म्हणून आपल्याकडेच कोणी अर्ज लिहून घ्यायला येईल, तेव्हा प्रथम त्याला विचारावे : केव्हा, कोठे, कोणते काम करताना, कोणाच्या सांगण्यावरून?

७.५ स्वयं-अध्ययन प्रश्न

१. ‘हात भाजला’ या वाक्यात कर्त्याच्या जागी काय आहे? भट्टीवरील कामाचा संबंध स्पष्ट होईल असे ते पुन्हा लिहा.
२. ‘नोकरीतून आणि नोकरीच्या ओघात’ यातील ‘आणि’ऐवजी ‘किंवा’ असता, तर अर्थात काय फरक पडला असता?
३. आपल्या परिसरातील एखाद्या कामाची माहिती घेऊन, त्या कामावरील काल्पनिक अपघाताची सूचना सुमारे १०० शब्दांत लिहा.